प्रत्येकाची जागा : अमेरिकन हायस्कूल बँडचे उन्हाळी शिबिर

शिस्त म्हणजे काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला तर बहुधा ठरलेले उत्तर मिळते : वेळेवर येणे, गप्प बसणे आणि मोठ्यांचे ऐकणे. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी आपले काही देणे लागते की नाही, याचा त्यात विचारच नाही. तो विचार करता यावा म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक दूरचे उदाहरण निवडले आहे. अमेरिकेतील हायस्कूलांमधून संचलन करणारे बँड असतात. शाळा उघडण्यापूर्वी भर उन्हाळ्यात त्यांचे शिबिर भरते. या शिबिरात मुले काय शिकतात, कशी शिकतात आणि त्यातून काय घेऊन बाहेर पडतात, हा आपला अभ्यासाचा विषय आहे. वरवर पाहता तो करमणुकीचा वाटेल. परंतु त्यात गणित आहे, ध्वनिशास्त्र आहे, इतिहास आहे आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही आहे.

बँडचे स्वरूप आणि पूर्वेतिहास

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणतः नववी ते बारावी. तेथील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ आहे. शरद ऋतूत, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, शाळाशाळांचे सामने होतात. सामन्याच्या मध्यंतरात शाळेचा बँड मैदानावर उतरतो. सात ते दहा मिनिटांच्या कार्यक्रमात मुले वाजवत वाजवत चालतात आणि चालता चालता वर्तुळे, चाप, तिरप्या रांगा अशा आकृत्या तयार करतात. सनईच्या कुळातील क्लॅरिनेट, तसेच बासरी आणि सॅक्सोफोन, पितळी वाद्यांपैकी ट्रम्पेट, मेलोफोन, ट्रॉम्बोन आणि अंगाभोवती वेटोळे घालणारा भला मोठा सुझाफोन, शिवाय गळ्यात अडकवलेले अनेक प्रकारचे ढोल, असा सगळा सरंजाम असतो. त्यांच्या जोडीला निशाणे फिरवणारे पथक असते. सर्वांच्या समोर उंच चौथऱ्यावर उभा राहून हाताने ताल देणाऱ्या विद्यार्थ्याला ड्रम मेजर म्हणतात.

या परंपरेचे मूळ लष्करी बँडमध्ये आहे. अमेरिकन नौसैनिक दलाच्या बँडचे १८८० ते १८९२ या काळात नेतृत्व करणारे जॉन फिलिप सुझा यांनी कूचगीतांना घराघरांत पोचवले. सुझाफोन हे वाद्य त्यांच्याच सूचनेवरून तयार झाले. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने सरळ रांगा मोडून मैदानावर ‘पी’ या अक्षराची आकृती केली. मैदानावर बँडने अक्षर काढण्याचा हा आरंभीचा प्रसंग मानला जातो. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बँडमधून परतलेले अनेक वादक शाळांत शिक्षक झाले. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धाही भरली. अशा रीतीने सैन्याची वस्तू शाळेत आली आणि मुलांची झाली.

शिबिराचा एक दिवस

जुलैची अखेर किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा शिबिराचा काळ. काही शाळा आपल्याच मैदानावर शिबिर घेतात, तर काही मुलांना घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुक्कामाला जातात. एक ते दोन आठवडे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि कधी कधी रात्रीपर्यंत काम चालते.

पहिल्या दिवशी नवख्या मुलांच्या हाती वाद्य देण्याची घाई नसते. त्यांना आधी उभे राहायला शिकवतात. टाचा जुळलेल्या, खांदे मागे, हनुवटी किंचित वर. आपल्याकडे एन.सी.सी. केलेल्यांना ‘सावधान’ माहीत आहे. तोच हा प्रकार. मग जागच्या जागी पाय मोजणे आणि त्यानंतर चालणे. पण हे चालणे शिपायाच्या पाय आपटण्याहून अगदी वेगळे असते. टाच आधी टेकवायची, पंजा वर ठेवायचा आणि पाऊल टाचेकडून बोटांकडे हळूहळू उतरवायचे. याचे कारण सोपे आहे. पाय आपटला की हिसका अंगातून ओठांपर्यंत जातो आणि सूर हलतो. कमरेखाली चालणे आणि कमरेवर वाजवणे, अशी दोन कामे एकाच शरीराने एकमेकांना धक्का न लावता करायची असतात. मागे चालताना पंजांवर चालायचे. आडवे जाताना पाय बाजूला वळले तरी खांदे प्रेक्षकांकडेच ठेवायचे. काही बँडमध्ये, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या अनेक शाळा-महाविद्यालयांत, गुडघा कमरेपर्यंत उंच उचलून चालण्याची जोरकस पद्धत आहे. तिची मेहनत आणखी वेगळी.

दुपारी ऊन तापले की मुले सावलीत किंवा वर्गात जातात. तेथे वाद्यांप्रमाणे गट पाडून संगीताचा सराव होतो. ऊन उतरल्यावर पुन्हा मैदान. आता आकृत्या बसवायच्या. एक आकृती, तेथून दुसरी, मग पहिलीकडे परत, पुन्हा तेच. ‘आणखी एकदाच’ असे शिक्षक ओरडतात आणि ही शेवटची खेप नाही, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून जे काही तयार झाले असेल ते दाखवतात.

साडेबावीस इंचांचा हिशेब

एवढी मुले एकमेकांना न धडकता आकृती कशी बदलतात? याचे उत्तर गणितात आहे. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. पाच यार्ड म्हणजे १८० इंच. हे अंतर आठ पावलांत कापायचे, असा सर्वसाधारण नियम आहे. १८० भागिले ८ म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे ५७ सेंटिमीटर. उंच मुलाला पाऊल आखडावे लागते आणि ठेंगण्या मुलीला ताणावे लागते. मिनिटाला १२० पावले या गतीने हे पथक एका मिनिटात ७५ यार्ड जाते.

आता समजा, एका मुलाचे पाऊल फक्त एक इंच कमी पडते. एका पावलात ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण बत्तीस पावलांनंतर तो बत्तीस इंच, म्हणजे जवळजवळ दीड पाऊल मागे राहील आणि रांग मोडलेली संपूर्ण स्टेडियमला दिसेल. आमचे आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात चालले आहे. संध्याकाळी रोकड जुळताना एक रुपयाचा फरक आला तरी शाखेतील सर्वांना थांबावे लागते. तो रुपया कोणाच्या काउंटरवरचा, हे सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. बँडचा हिशेबही असाच सामुदायिक आहे. चूक एकाची असते, परंतु पुन्हा आरंभापासून सर्वच जण चालतात.

प्रत्येक आकृतीत प्रत्येक मुलाची जागा ठरलेली असते. तिला मुले ‘डॉट’, म्हणजे ठिपका म्हणतात. ही जागा भूमितीतील आलेखाप्रमाणे दोन अंकांनी सांगतात. उदाहरणार्थ, चाळीस यार्डांच्या रेघेपासून तीन पावले बाहेर आणि पुढच्या खुणांच्या ओळीपासून सहा पावले पुढे. एका कार्यक्रमात अशा कित्येक जागा असतात. मुले त्या छोट्या वहीत लिहून वही दोरीने गळ्यात अडकवतात. वर्गात ‘क्ष’ आणि ‘य’ अक्षांना कंटाळणारी मुले येथे त्याच अक्षांवर दिवसभर चालतात. ज्ञानाचा उपयोग कळला की त्याचा कंटाळा येत नाही, हे शिक्षक बंधू-भगिनींनी लक्षात घेण्यासारखे आहे.

कानावर विश्वास ठेवू नका

वादकाने कानावर विश्वास ठेवावा, हे आपण नेहमी ऐकतो. मैदानावर मात्र तोच कान फसवतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर या वेगाने जातो. मैदानाच्या मागच्या बाजूचा ढोल ४५ मीटर अंतरावरच्या ट्रम्पेटवाल्याला सुमारे ०.१३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. म्हणजे हा उशीर एका ठोक्याच्या चतुर्थांशाहूनही जास्त झाला. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत मोठ्याने ऐकू येणारा आवाज धरला तर कार्यक्रमाचा विचका होईल.

म्हणून शिबिरात नियम शिकवतात. ताल डोळ्यांनी ड्रम मेजरच्या हातावरून घ्यायचा. कानाने ऐकायचेच तर आपल्या मागून येणारा आवाज ऐकायचा. पुढच्या बाजूने येणाऱ्या आवाजामागे जायचे नाही. कारण मागून येणारा आणि आपला, असे दोन्ही आवाज एकत्रच प्रेक्षकांकडे पुढे जातात. जवळचा गोंगाट मोठा वाटला तरी तो बरोबर असतोच असे नाही. सर्वांना दिसेल अशी एक खूण हवी आणि तिच्यावर सर्वांची नजर हवी. संघटनेत काम करणाऱ्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे राखीव कोणी नाही

खेळाच्या संघात काही जण खेळतात आणि बाकीचे बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतात. बहुतेक शालेय बँडमध्ये असा बाक नसतो. जो शिबिराला आला आणि शिकला, त्याला ठिपका मिळतो. उत्तम वाजवणाऱ्याला एक आणि जेमतेम वाजवणाऱ्यालाही एकच. एक मूल गैरहजर राहिले तर त्या जागी भोक दिसते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना अंतर कोणापासून मोजावे, हे कळत नाही. मोठ्या शाळेत पहिल्यांदाच आलेल्या बुजऱ्या मुलाला ‘तू नसलास तर आकृती पुरी होत नाही’, हे समजणे किती मोलाचे आहे! शाळा उघडण्यापूर्वीच त्याला डबा खायला बरोबर बसणारी माणसे मिळालेली असतात.

अर्थात, ही समता आपोआप आलेली नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संचलन बँडमध्ये मुलींना १९७२ साली आणि ओहायो राज्य विद्यापीठाच्या बँडमध्ये १९७३ साली प्रवेश मिळाला. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा कायदा १९७२ सालीच झाला होता. बँडवर पैशाचेही बंधन आहे. वाद्य, गणवेश, बसभाडे आणि शिबिराची फी मिळून अनेक ठिकाणी खर्च शेकडो डॉलरांत जातो. पालकांची मंडळे गाड्या धुऊन, सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थ विकून वर्गणी उभी करतात. सुझाफोनसारखी महागडी वाद्ये बहुधा शाळेच्या मालकीची असतात. जेथे असा आधार नाही, तेथे गरिबाचे मूल दाराबाहेरच राहण्याचा धोका असतो. जागा सर्वांना आहे असे म्हणणे सोपे आहे. त्या जागेपर्यंत पोचण्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते खरे ठरत नाही.

उन्हाचा प्रश्नही असाच जिवाशी निगडित आहे. शरीराला उन्हात श्रम करण्याची सवय होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून जाणते शिक्षक पहिले दिवस हलके ठेवतात, पाण्याची सुट्टी घड्याळ लावून देतात आणि प्रत्येकाला टोपी व पाण्याचे मोठे भांडे आणायला लावतात. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे दिसताच मुलाला सावलीत घ्यावे. तो असंबद्ध बोलू लागला किंवा भान हरपले, तर तो उष्माघात समजून ताबडतोब थंड पाण्याने अंग गार करावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. ‘सहन कर’ असे सांगण्यात कसलीही शिस्त नाही.

रस्ता कोणाचा?

आता आपण या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. न्यू ऑर्लिन्स शहरात ‘मार्डी ग्रा’ नावाचा मोठा उत्सव होतो. जुन्या मंडळांच्या मिरवणुका हे त्याचे वैशिष्ट्य. ही मंडळे गोऱ्या प्रतिष्ठितांची. त्यांच्या रात्रीच्या मिरवणुकांत कृष्णवर्णीय माणसे असत, पण ती मशाली धरणारी. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन दुसऱ्याच्या वरातीत चालणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उजेड त्यांच्या डोक्यावर, पण मिरवणूक मात्र त्यांची नव्हे.

त्याच शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी १९५१ साली सेंट ऑगस्टीन हायस्कूल सुरू झाले. तेथील बँडशिक्षक एडविन हॅम्प्टन यांनी ‘मार्चिंग हंड्रेड’ या नावाने प्रसिद्ध झालेला बँड घडवला. १९६७ साली या बँडला ‘रेक्स’ या १८७२ पासूनच्या मंडळाच्या मिरवणुकीत स्थान मिळाले. त्या मिरवणुकीत चालणारा हा पहिला कृष्णवर्णीय बँड. वाटेत काही प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, थुंकले, वस्तू फेकल्या. मुले चौदा ते अठरा वर्षांची. त्यांनी रांग मोडली नाही, वाजवणे थांबवले नाही.

हे धैर्य त्या एका सकाळी आले काय? आम्हाला तसे वाटत नाही. अपमान समोर असताना पाऊल चुकू नये, यासाठी ते पाऊल आधी हजारो वेळा टाकलेले असावे लागते. रिकाम्या मैदानावर, कोणी टाळी वाजवत नसताना, ‘आणखी एकदा’ म्हणत केलेला सराव अशा दिवशी कामाला येतो. पुढे २००५ सालच्या कतरिना वादळात शहर बुडाले. तेव्हा तीन शाळांची मुले-मुली एकत्र शिकू लागली आणि त्यांच्या संयुक्त बँडने २००६ च्या उत्सवात संचलन केले. घरे गेली होती, पण चालण्याची सवय गेली नव्हती.

फ्लोरिडा ए. अँड एम. या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात विल्यम फॉस्टर यांनीही असेच कार्य केले. विद्यार्थिदशेत कॅन्सस विद्यापीठात, कृष्णवर्णीय संगीत-संचालकाला नोकरी मिळणार नाही, असे त्यांना ऐकावे लागले होते. त्यांनी १९४६ पासून १९९८ पर्यंत फ्लोरिडातील बँड चालवला. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त पॅरिसमध्ये निघालेल्या संचलनात हा बँड चालला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांच्या उत्सवात त्या मुलांनी टाकलेली पावले हे त्यांचे उत्तर होते.

शिस्त आणि छळ यांतील रेघ

परंतु अभ्यासकाने अर्धे सत्य सांगू नये. याच विद्यापीठाच्या बँडमध्ये नोव्हेंबर २०११ मध्ये एका ड्रम मेजर विद्यार्थ्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी बसमध्ये ‘प्रथा’ म्हणून मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. बँड स्थगित करण्यात आला आणि २०१३ सालीच तो पुन्हा मैदानावर आला. बाहेरच्यांनी केलेला अपमान पचवून ज्या परंपरेने मान मिळवला, तिच्याच आत माणसे एकमेकांना तुडवू लागली.

हायस्कूलच्या शिबिरात प्रत्येक वाद्यगटाला एक ज्येष्ठ विद्यार्थी नेता असतो. नवख्याचे पाऊल सुधारणे, त्याला पाणी मिळाले की नाही हे पाहणे आणि तो एकटा पडणार नाही याची काळजी घेणे हे त्याचे काम. चांगल्या शिबिरात हा ज्येष्ठ सर्वांत आधी येतो आणि सर्वांत शेवटी जातो. वाईट शिबिरात तोच नवख्याकडून सामान उचलून घेतो, त्याची टिंगल करतो आणि ‘आम्हीही हे सोसले आहे’, असे म्हणतो. आपण सोसले म्हणून दुसऱ्यानेही सोसावे, या एका वाक्यावर जगातील कित्येक उतरंडी टिकून आहेत. ज्या आज्ञेमुळे समोरच्याचे पाऊल सुधारते, ती शिस्त होय. ज्या आज्ञेमुळे केवळ आज्ञा देणाऱ्याचा रुबाब वाढतो, तो छळ होय. ही रेघ मैदानावरच्या पांढऱ्या रेघेइतकी ठळक राहिली पाहिजे.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, या अभ्यासातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, मोठी आकृती लहान आणि मोजलेल्या पावलांनी तयार होते. दुसरी, समता म्हणजे प्रत्येकाला जागा, आणि ती जागा रोज भरण्याची प्रत्येकाची जबाबदारी. तिसरी, पुढच्याने मागच्याला सांभाळायचे असते. तसे झाले नाही, तर गणवेश कितीही झळझळीत असला तरी रांग आतून मोडलेली असते.

मैदानावर चालणाऱ्या मुलाला आपण काढलेली आकृती कधीच दिसत नाही. ती उंचावर बसलेल्यांना दिसते. त्याला दिसतो फक्त आपला ठिपका, आणि डावीउजवीकडे चालणारे दोघे. तरीही तो आपल्या जागी वेळेवर पोचतो. या विश्वासावरच बँड चालतो. समाजही बहुधा याच विश्वासावर चालतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. एका विद्यार्थ्याचे पाऊल साडेबावीसऐवजी एकवीस इंचांचे पडते. सोळा पावलांनंतर तो किती मागे राहील?

२. मैदानावर जवळचा आवाज धरून वाजवणे चुकीचे का ठरते? आपल्या सभा-समित्यांच्या कामातील एखादे उदाहरण द्या.

३. १९६७ साली सेंट ऑगस्टीनच्या मुलांनी रांग मोडली असती तर काय झाले असते? दोन्ही बाजूंनी विचार करा.

४. आपल्या शाळेत किंवा वसतिगृहात ‘प्रथा’ म्हणून चालणारी कोणती गोष्ट शिस्त आहे आणि कोणती छळ आहे, याची यादी करा व ती वर्गात वाचून दाखवा.